पंधरा दिवसांत किताब?

रमजान ईद होऊन आठवडा झाला होता. दुकानातली गर्दी ओसरली होती आणि उधारीच्या वह्या पुढे ओढून मी बसलो होतो, इतक्यात माझी भाची पेढीवर आली. सलाम-दुआ झाली, चहा आला, आणि तिने पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "मामू, तुम्ही रोज कोटेशन बघता. हे जरा बघून सांगा, पैसे भरू का?"

कागद एका प्रकाशन कंपनीचा होता. भाचीला मागच्या वर्षी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. भिवंडीच्या यंत्रमागांभोवती घरी बसून कांडी भरणाऱ्या आणि धागे कापणाऱ्या बाया हा तिच्या प्रबंधाचा विषय. चार वर्षे ती कल्याणहून शेअर रिक्षाने, दुर्गाडीचा पूल ओलांडून, शांतीनगर आणि गैबीनगरच्या खोल्याखोल्यांतून फिरली. कोणाला किलोमागे किती मिळतात, कोणाच्या घरात किती हात राबतात, हे सारे तिने वह्यांत उतरवून आणले. कंपनीने लिहिले होते की आपला प्रबंध आमच्या संपादक मंडळाने प्रकाशनासाठी निवडला आहे. २८ हजार रुपये भरावेत. आयएसबीएन क्रमांक, रंगीत मुखपृष्ठ, २० प्रती घरपोच. मुदत १५ दिवस.

मी विचारले, "प्रबंध यांच्याकडे कधी पाठवला होतास?"

"पाठवलाच नाही."

"मग निवडला कसा?"

ती हसली, पण कागद काही परत घेतला नाही. घरात सगळ्यांनाच पुस्तक हवे होते. आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, पैसे काढूनही ठेवले होते. कॉलेजातल्या कायम नोकरीच्या मुलाखतीत नावावर पुस्तक असले की वजन पडते, हेही खोटे नाही. मी म्हटले, आठ दिवस थांब, मग सांगतो.

व्यापारी बंधूंनो, मी कापडवाला माणूस. शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजाराने शिकवली. पुस्तकांच्या धंद्यातले याला काय कळते, असे कोणी म्हणेल. पण १५ दिवस हा शब्द वाचून माझे डोके ठणकले. सुताची गाठ उघडल्यापासून वार्पिंग, साइजिंग, बीम मागावर चढवणे, ग्रे काढणे, फोल्डिंग टेबलावर तपासणे आणि डाइंगहून माल परत येणे, एवढ्याला महिना-दीड महिना सहज जातो. आणि तो साध्या शर्टिंगचा माल. चार वर्षांच्या मेहनतीची तपासणी पंधरा दिवसांत कोण करणार? या धंद्यात माझे हात एकदा पोळलेलेही आहेत.

उस्तादांच्या तीन वह्या

१९९८ची गोष्ट. आमचे उर्दूचे उस्ताद निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छंद धरला होता. हातमाग जाऊन यंत्रमाग आला आणि त्याबरोबर विणकरांचे शब्दही निघून चालले, म्हणून ते जुन्या मोमीन कारागिरांकडे बसून शब्द जमा करायचे. मागाच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, धागा तुटला तर काय म्हणतात, मालकाने मजुरी कापली तर आपसात काय म्हणतात. सुबक हस्ताक्षरात तीन जाड वह्या भरल्या होत्या. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना वाटले, उस्तादांच्या हयातीत ही किताब निघालीच पाहिजे. वर्गणी जमा झाली. जलशाची तारीख ठरली, पाहुणे ठरले, कार्डेही वाटली गेली. मग छापखान्यावर घाई.

उर्दू कंपोज तेव्हा नुकते संगणकावर आले होते. त्याआधी कातिब हाताने लिहायचा, आणि चांगला कातिब लिहितालिहिता चूकही सुधारायचा. संगणकावर बसलेल्या पोराला विणकामाचा एकही शब्द ठाऊक नव्हता. प्रूफ कोणी वाचले नाही. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि आम्ही बाकीचे मंडप आणि बिर्याणीच्या मागे. उर्दूत एक नुक्ता सरकला की शब्द बदलतो हे आपण जाणताच. 'राछ'चे 'राज' झाले, 'नाल'चा 'ताल' झाला. जलशाच्या रात्री हार पडले, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर उस्ताद किताब उघडून बसले होते. दोन पाने वाचली आणि मिटून ठेवली. मला एक शब्द बोलले नाहीत. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर लाल पेनाने चुका मोजायला लागले. सहाशेच्या पुढे गेल्यावर त्यांनी तो नाद सोडला.

दुरुस्त आवृत्ती काढू म्हणून आम्ही मूळ वह्या आणायला गेलो, तर छापखान्याने जागा बदलली होती आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. ज्या बुजुर्गांनी ते शब्द सांगितले होते त्यांतले बहुतेक अल्लाहला प्यारे झाले होते. म्हणजे चूक कुठे आहे हे कळत होते, पण बरोबर काय हे सांगणारे काही उरले नव्हते. सातशे प्रती आजही माझ्या गोदामात आहेत. विकत नाही, आणि रद्दीतही देववत नाहीत.

तेव्हापासून एक हिशोब माझ्या डोक्यात पक्का आहे. कापडात खोट असली तर गिऱ्हाईक बोटांनी चाचपून सांगते. पुस्तकातली खोट काउंटरवर दिसत नाही. मुखपृष्ठ चकचकीत, कागद पांढरा, बांधणी घट्ट. आत शब्द उलटा असला तरी माल खपतो. म्हणून इल्मी पुस्तकाच्या धंद्यात खरी रक्कम कागदात आणि शाईत जात नाही. ती तपासणीत जाते, आणि ही तपासणी बाहेरून कोणालाच दिसत नसल्याने तिच्यावरच सर्वांत आधी कात्री चालते.

पत्ता: भिवंडी, बंबई

ही तपासणी कशी करतात हे पाहायला विलायतेला जायची गरज नाही. ठाणे जिल्ह्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात, ते काम झालेले आहे. कल्याणच्या एका कुतुबखान्यात मी त्या जिल्दा पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा पहिल्या पानावरचा अरबीतला पत्ता वाचून थांबलो होतो. कैरो नाही, बेरूत नाही, भिवंडी.

मुंबईत मोहम्मद अली रोडवर शरफुद्दीन अल-कुतुबी यांच्या घराण्याचा किताबांचा व्यापार होता. कुतुबी म्हणजेच किताबवाला. या घराण्यातले मौलाना अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी १९४९ साली इमाम इब्न तैमिया यांचा 'अर्-रद्द अलल मन्तिकिय्यीन' हा युनानी तर्कशास्त्राच्या खंडनाचा ग्रंथ तपासून आपल्या अल-मतबआ अल-कय्यिमा या छापखान्यातून काढला. त्याला सय्यद सुलेमान नदवी यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे १९९३ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रेसनेच, वाएल हल्लाक या विद्वानाचे याच विषयावरचे पुस्तक छापले. त्यात आधाराला मुंबईची ही १९४९ची आवृत्ती आहे. चव्वेचाळीस वर्षांनंतर त्या तपासणीवर जगातल्या मोठ्या विद्यापीठाने भरवसा ठेवला. कापडाच्या धंद्यात चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या ताक्यावर आज कोणी भरवसा ठेवील का?

पण त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. दिमिश्कचे इमाम मिज़्ज़ी यांची 'तुहफतुल अशराफ' ही किताब १९६५ पासून भिवंडीच्या अद-दारुल कय्यिमाने जिल्दामागून जिल्द काढायला सुरुवात केली. ही किताब काय आहे हे व्यापाऱ्याला समजावणे सोपे आहे. हदीसच्या सहा मशहूर किताबा म्हणजे रोजकीर्द समजा. मिज़्ज़ींनी त्यावरून खतावणी तयार केली. प्रत्येक सहाबीचे एक खाते, नावे अक्षरांच्या क्रमाने. ज्या खात्यात नोंदी फार, जसे हजरत अबू हुरैरा यांचे, तिथे त्यांच्याकडून रिवायत करणाऱ्यांची पोटखाती. नोंदीत हदीसची फक्त सुरुवात दिलेली, आणि ती कोणत्या किताबात कोणत्या बाबमध्ये, कोणाकडून कोणी ऐकून आली, हे पुढे. अशा साडेएकोणीस हजारांहून जास्त नोंदी. मिज़्ज़ींना या खतावणीला ६९६ ते ७२२ हिजरी, अशी सव्वीस वर्षे लागली. त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी हाफिज इब्न हजर यांनी तिच्यावर दुरुस्त्या आणि टिपणे लिहिली, म्हणजे ऑडिटच केले म्हणा. भिवंडीच्या आवृत्तीत हे टिपण पानाच्या खालच्या भागात लावले आहे. वर खतावणी, खाली ऑडिटरचा शेरा.

आता या कामाचा खर्च धरून बघा. हाताने लिहिलेल्या जुन्या नुस्ख्यांच्या नकला मिळवायच्या. त्यांचा एकमेकांशी मुकाबला करायचा. म्हणजे एकाने वाचायचे, दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे, आणि फरक पडला की टीप लिहायची. प्रत्येक नोंद मूळ सहा किताबांत शोधून पडताळायची. मग छपाई. अरबी अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. त्यामुळे खिळ्यांच्या पेटीत इंग्रजीच्या कित्येक पट घरे लागतात, आणि खिळे जुळवणारा माणूस अरबी वाचणारा असावा लागतो. पान जुळले, प्रूफ निघाले, चुका काढल्या, पुन्हा प्रूफ. असे एक पान. अशा जिल्दा तेरा.

पहिली जिल्द १९६५ची आणि शेवटची १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. या दोन तारखांच्या मध्ये मे १९७० येतो, आणि भिवंडीकरांना त्या महिन्याचा अर्थ सांगायला नको. आम्हा कापडवाल्यांची ९० दिवसांची उधारी १२० दिवसांवर गेली की झोप उडते. इथे पंधरा-सोळा वर्षे रक्कम गुंतत गेली, आणि गिऱ्हाईक कोण? कुतुबखाने, दारुल उलूम आणि मोजके विद्वान. घाऊक खरेदी नाही, सीझन नाही, लगीनसराई नाही. त्यातच १९७२ साली इमाम नसाई यांच्या 'अस-सुननुल कुबरा'चे कामही याच दारुल कय्यिमाने भिवंडीतून सुरू केले.

१९८३ साली 'तुहफा'ची दुसरी आवृत्ती बेरूतच्या अल-मकतब अल-इस्लामीने काढली, आणि तिच्यावर भिवंडीच्या दारुल कय्यिमाचे नाव सोबत आहे. आमच्या बाजारात सुरतेचा माल मुंबईचा शिक्का मारून विकतात. इथे बेरूतच्या मालावर भिवंडीचा शिक्का. आज मोबाइलवर 'अल-मकतबतुश शामिला' नावाचा फुकट कुतुबखाना आहे. त्यात 'तुहफा' उघडली की तपासणाऱ्याच्या जागी अब्दुस्समद शरफुद्दीन हेच नाव दिसते. जकार्ताचा विद्यार्थी असो की मोरोक्कोचा, त्याच्या खिशात भिवंडीची मेहनत आहे. भिवंडीच्या बाजारात मात्र मी दहा जणांना विचारले तर दोघांना माहीत होते.

खर्च कोणाच्या खात्यावर?

भिवंडीत हे काम एका किताबवाल्या घराण्याने केले. जिथे असे घराणे नसते तिथे हे ओझे कोणीतरी मोठे खांद्यावर घेते. हैदराबादला १८८८ मध्ये दाइरतुल मआरिफ सुरू झाली, निजाम सरकारच्या पैशावर. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली. इमाम बैहकींची 'अस-सुननुल कुबरा' दहा जिल्दांत तिथूनच निघाली, आणि अल-बेरूनीच्या 'अल-कानूनुल मसऊदी' या खगोलशास्त्राच्या ग्रंथाच्या तीन जिल्दाही तिथल्याच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. बाराशेहून जास्त हस्तलिखिते मिळवून पाठ तपासले, आणि १९ खंड निघाले. औंधच्या राजांनी त्याला एक लाख रुपये देऊ केले होते. हैदराबादच्या निजामानेही मदत केली, आणि संस्थेच्या आवारात निजाम गेस्ट हाऊस आजही उभे आहे. पंत प्रतिनिधी आणि निजाम एकाच महाभारताचा खर्च सोसत होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

मुंबई विद्यापीठानेही अशी पुस्तके काढली. त्याच्या ग्रंथालयातल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची खान बहादूर शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली, ती १९३५ मध्ये छापली गेली. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी यांनी आपल्याकडची इस्माइली हस्तलिखिते विद्यापीठाला दिली, त्यांची सूची १९६५ मध्ये निघाली. म्हणजे ज्या साली कलिना-फोर्टच्या विद्यापीठाने ती सूची काढली, त्याच साली भिवंडीतून 'तुहफा'ची पहिली जिल्द बाहेर पडली.

विलायतेत विद्यापीठांनी यासाठी स्वतःची दुकानेच उघडली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस हे त्या विद्यापीठाचेच एक खाते आहे. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा उघडली. त्यांच्या हिशोबाची खुबी व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. डिक्शनरी आणि शाळेची पुस्तके लाखांनी खपतात. त्या नफ्यातून काहीशे प्रती खपणारे इल्मी पुस्तक निघते. आमच्याकडे लुंगी आणि अस्तराचा माल रोजचा खर्च काढतो आणि त्याच्या जोरावर एखादा व्यापारी भारी माल ठेवतो, तसेच हे. फरक इतकाच की त्यांचा भारी माल नफ्यासाठी ठेवलेला नसतो.

यावर एक मजेदार खटलाही झाला. ऑक्सफर्डवाल्यांचे म्हणणे होते की आम्ही विद्यापीठाचे अंग आहोत, शिक्षणसंस्थेला मिळणारी आयकराची माफी आम्हालाही हवी. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. भारतात तुम्ही पुस्तके छापता आणि विकता, शिकवत नाही, तेव्हा कर भरा. हिशोबाच्या नजरेने मला निकाल बरोबर वाटतो, पण यातून प्रकाशकाची जागा कळते. विद्यापीठाला तो दुकानदार वाटतो आणि दुकानदारांना तो मास्तर. जीएसटीतही असेच आहे. छापील पुस्तकावर कर शून्य, हे ऐकायला गोड लागते. पण कागदावर आणि छपाईवर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. आपल्यातले जे भाई छपाईच्या कामात आहेत त्यांना हे दुखणे ठाऊक आहे.

झेरॉक्सवाल्या भाईंसाठी जाता जाता एक सांगतो. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि आणखी एका प्रकाशकाने दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला होता. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विकतो म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या कामासाठी अशा नकला चालतात असे म्हटले, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पण त्यावरून अख्खे पुस्तक छापून विकायला परवानगी मिळाली असे कोणी समजू नये.

कोटेशनचा हिशोब

आठ दिवसांत मी चौकशी केली. कल्याण स्टेशनजवळच्या डिजिटल छपाईवाल्याला विचारले, अडीचशे पानांची प्रत बांधणीसकट कितीला पडेल? तो म्हणाला, वीस प्रती काढल्या तर नगाला अडीचशेच्या आत. म्हणजे ५,००० रुपयांचा माल. २८ हजारांतून बाकी २३ हजार कशाचे? आयएसबीएन क्रमांक तर भारतात सरकारच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून फुकट मिळतो. तो क्रमांक दर्जाची मोहर नाही, जशी दुकानाच्या पाटीवर जीएसटी नंबर असला म्हणजे माल अस्सल असे होत नाही. छापल्यावर पुस्तक विकले जाईल का, याची या कंपनीला फिकीर नाही, कारण तिचे गिऱ्हाईक वाचक नाही, लेखकच आहे. नफा पहिली प्रत विकण्याआधीच गल्ल्यात जमा.

शिवाय प्रबंध जसाच्या तसा छापला तर विकत घेईल कोण? विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे. असली जुनी ग्रंथालये फुकट मिळणाऱ्या कच्च्या मालावर पैसे का घालतील?

खऱ्या युनिव्हर्सिटी प्रेसची रीत मी भाचीच्या गाइड बाईंना विचारून घेतली. आधी चार-पाच पानांचा प्रस्ताव आणि एखाद-दुसरे प्रकरण मागवतात. विषय पसंत पडला तर पूर्ण पुस्तक बाहेरच्या दोन जाणकारांकडे जाते, आणि लेखकाला त्यांची नावे कळत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचे तर माल पार्टीला न विचारता तिऱ्हाइताकडून तपासून घेतात. ते आक्षेप लिहितात, लेखकाने उत्तर द्यायचे, दुरुस्ती करायची. मग प्राध्यापकांचे मंडळ हो किंवा नाही म्हणते. मग भाषेची तपासणी, प्रूफ, शेवटी विषयसूची. वर्ष, दोन वर्षे, कधी जास्त. लेखकाकडून साधारणपणे पैसे मागत नाहीत. रॉयल्टी मिळते, पण तीत चहापाणी सुटले तरी पुष्कळ.

मी भाचीला सांगितले, ही कंपनी नको. आपा नाराज झाली. दोन वर्षांनी पुस्तक येणार आणि मुलाखत दोन महिन्यांवर, हा तिचा सवाल बिनबुडाचा नव्हता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मुलाखतीत त्या जागेवर दुसऱ्या कोणाची निवड झाली, आणि त्या उमेदवाराच्या नावावर दोन पुस्तके होती. कोणाची छापलेली, हे मी विचारले नाही.

भाचीने एका युनिव्हर्सिटी प्रेसला प्रस्ताव पाठवला. पाच महिन्यांनी पहिल्या परीक्षकाचे पत्र आले. साडेतीन पाने, सगळे आक्षेप. ती रडवेली होऊन पेढीवर आली. मी म्हटले, वाचून दाखव. ती एकेक मुद्दा मराठीत सांगत गेली. बरेचसे माझ्या डोक्यावरून गेले, पण सातव्या मुद्द्याला मी तिला थांबवले. परीक्षकाने विचारले होते: कांडी भरण्याचे मशीन बाईच्या घरात विजेवर चालते, त्याचे बिल कोण भरते, आणि मजुरीचा आकडा काढताना ते वजा केले आहे का?

वजा केले नव्हते. चार वर्षांत तिच्या लक्षात आले नव्हते, तिच्या गाइड बाईंच्या आले नव्हते, आणि मी तीस वर्षे भिवंडीत माल घेतो, माझ्याही आले नव्हते. तो परीक्षक कोण आहे कळले तर मी त्याला बिर्याणी खायला घालीन.

भाची पुन्हा रिक्षात बसली. पहिल्या वह्यांतली चाळीस घरे निवडून परत गेली. काही घरांत मीटर स्वतःचे होते, अकरा घरांत घरमालक मशीनमागे महिन्याला बांधीव रक्कम घेत होता, आणि दोन घरांत बायांनी विचारले की हे तू मागच्या वेळी का नाही विचारलेस? वीज वजा केल्यावर तिच्या तक्त्यातला दिवसाच्या मजुरीचा आकडा खाली आला. किती, ते तिचे पुस्तक निघेल तेव्हा त्यात वाचा. तिच्या आधी मी छापणे बरे नाही. पण पंधरा दिवसांत पुस्तक निघाले असते तर जुना, फुगलेला आकडा छापला गेला असता. उद्या मजुरीच्या बोलणीत कोणा मालकाने तोच पुढे केला असता की बघा, डॉक्टर बाईंनीच लिहिले आहे, एवढे मिळतात.

दुसऱ्या परीक्षकाचे पत्र अजून यायचे आहे. आपा दर जुम्याला विचारते. काढून ठेवलेल्या २८ हजारांतले काही रिक्षाभाड्यात आणि टायपिंगमध्ये गेले. भाचीच्या सगळ्या वह्या, जुन्या आणि नव्या, मी दोनदा झेरॉक्स करून घेतल्या. एक संच तिच्या घरी, एक गाइड बाईंकडे, आणि मूळ वह्या माझ्या तिजोरीत आहेत.